बरणीची मापं

"मोघे सर, हा मेणबत्तीचा प्रयोग तुम्ही स्वतः केलाय ना?"

सुतारमास्तर माझ्या टेबलापाशी येऊन उभे होते. त्यांच्या हातात माझ्या ‘हवा’ या प्रकरणाचं हस्तलिखित होतं आणि बोट समासातल्या लाल शाईच्या खुणेवर होतं. मी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रकरणातली विरामचिन्हं तपासत होतो. मान वर न करता मी म्हणालो, "हो."

"मग माझं कुठं चुकतंय, तेवढं बघता का?"

हातातलं पान झालं की येतो, असं मी सांगितलं. ते पान झालं, पुढची दहा पानं झाली, आणि मी काही उठलो नाही.

ही एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. आज सत्त्याऐंशीचा आहे. इतक्या वर्षांनी सगळे तपशील जसेच्या तसे आठवत असतील की नाही, मला खात्री नाही. त्या लाल खुणेची मात्र खात्री आहे.

सांगलीतल्या आमच्या हायस्कूलला सुट्टी लागली होती आणि शाळेची प्रयोगशाळा अण्णा लाटकरांनी तीन आठवड्यांसाठी मागून घेतली होती. लाटकर प्रकाशक होते. आठवीच्या शास्त्राचं नवं पाठ्यपुस्तक त्यांना काढायचं होतं आणि सत्तावीस मेच्या सोमवारी ते मंजुरी समितीकडे पोचवायचं होतं. आम्ही चौघे लेखक. अध्यक्ष डॉक्टर त्र्यंबक बेहेरे: निवृत्त प्राचार्य, लंडनची डॉक्टरेट, आणि कॉलेजात माझे गुरू. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मला त्यांनी मुद्दाम पत्र पाठवून बोलावलं होतं. ते पत्र मी कितीतरी दिवस शर्टाच्या खिशात घेऊन हिंडत होतो. चिटणीसबाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. झाडं, प्राणी आणि शरीर त्यांच्याकडे. माझ्याकडे हवा आणि पाणी. आणि साधी यंत्रं आणि उष्णता ही दोन प्रकरणं ईश्वर सुतार यांच्याकडे. तासगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये ते शिकवत. लाटकरांनी त्यांना कुठल्याशा शैक्षणिक प्रदर्शनात गाठलं होतं. तिथे हा माणूस करवंट्यांचा तराजू आणि पाण्याच्या थेंबाचं भिंग घेऊन बसला होता म्हणे, आणि मुलं त्याच्या टेबलापासून हलत नव्हती.

चाळिशी ओलांडलेले, ठेंगणे, रुंद पंजाचे. बोलायचे कमी. पण त्यांचं ‘साधी यंत्रे’ वाचलं तेव्हा मी दोन दिवस माझं प्रकरण उघडू शकलो नाही. तरफ समजावताना त्यांनी चिखलात रुतलेल्या गाडीचं चाक घेतलं होतं. किती माणसं, पहार कुठे टेकवायची, कुणी कुठे जोर लावायचा. ते वाचताना आपणच त्या चिखलात उभे आहोत असं वाटायचं. माझं प्रकरण "हवा हे अनेक वायूंचे मिश्रण आहे" असं सुरू होत होतं.

डॉक्टर बेहेऱ्यांचा एक नियम होता. पुस्तकातला प्रत्येक प्रयोग लेखकाने आपल्या हातांनी करायचा आणि मगच समासात लाल शाईने ‘कृ.’ लिहून खाली सही करायची. ‘कृ.’ म्हणजे कृत, केलेला. मग दुसऱ्या लेखकाने तो पुन्हा करून दुसरा ‘कृ.’ लिहायचा. दोन ‘कृ.’ नसतील तर प्रयोग पुस्तकात नाही. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं होतं: या पुस्तकातील प्रत्येक प्रयोग लेखकांनी स्वतः करून पाहिला आहे.

माझ्या प्रकरणात अकरा प्रयोग होते. दहा मी केले होते. अकरावा मेणबत्तीचा. ताटलीत पाणी घ्यायचं, मधे मेणबत्ती उभी करून पेटवायची, तिच्यावर काचेची बरणी उपडी घालायची. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि बरणीत पाणी चढतं. बरणीचा पाचवा हिस्सा पाण्याने भरतो, कारण हवेत पाचवा हिस्सा प्राणवायू असतो आणि ज्योतीने तो संपवलेला असतो. हे मी सातवीत पाठ केलं होतं. मॅट्रिकला लिहिलं होतं. माझ्याकडे पाच पुस्तकं होती, दोन मराठी आणि तीन इंग्रजी. पाचांतही हा प्रयोग होता आणि पाचांतही आकृती एकच होती. मी लहानपणी तो पाहिलाय असंही मला वाटत होतं. पुढे विचार केला तेव्हा लक्षात आलं, मला आठवत होती ती आकृती. काडी ओढायचा कंटाळा होता असं नव्हे. त्यात करून बघण्यासारखं काही आहे, हेच डोक्यात आलं नाही. दहा प्रयोगांपुढे ‘कृ.’ लिहीत आलो होतो, त्याच ओघात अकराव्यापुढेही लिहिला.

आणि माझ्या प्रकरणावर दुसरा ‘कृ.’ लिहायचं काम सुतारमास्तरांकडे होतं.

त्या दिवशी दुपारी मी त्यांना वेगळ्याच कामासाठी गाठलं. पुस्तकात शेवटच्या पानावर लेखकांचा परिचय द्यावा लागे: पदव्या, अनुभव, मानसन्मान. मंजुरी समिती ते पान आधी बघते, असं लाटकर म्हणायचे. माझं अक्षर बरं म्हणून सगळ्यांची माहिती गोळा करून पक्की पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. डॉक्टरांचा परिचय दीड पान झाला होता. चिटणीसबाईंनी चार ओळी देऊन वर बजावलं होतं, "आणि जन्मसाल घालायचं नाही हं, मोघे." सुतारमास्तर चार दिवस टाळत होते. त्या दिवशी मागे लागलो तर त्यांनी घडी घातलेला कागद खिशातून काढला, पण हातात दिला नाही.

"आधी एक सांगा. हा कागद फक्त तुम्हीच वाचणार ना?"

मी होकार दिला. मागच्या बाजूला, जिथे परीक्षानळ्या धुवायच्या मोऱ्या होत्या, तिथे उभा राहून मी तो वाचला. त्यांचं अक्षर ठळक, सुटं सुटं होतं.

शिक्षण: व्हर्नाक्युलर फायनल, १९३६. नोकरी: कॉलेजच्या प्रयोगशाळेत हमाल, ११ वर्षे. त्यानंतर हायस्कूलमध्ये शास्त्र शिक्षक (अप्रशिक्षित), ८ वर्षे.

व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी. मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, वरची ओळ राहून गेली असेल, कागदाची घडी उलटी असेल. मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. ज्या माणसाचं लिखाण वाचून मी दोन दिवस लेखणी खाली ठेवली होती, तो कॉलेजात चंबू धूत होता. आज लिहायला लाज वाटते, पण त्या धक्क्यात थोडं बरंही वाटलं होतं. आपण एम.एस्सी. आहोत, हे एकदम आठवलं.

मास्तर खाली बघून बोलत होते. प्रोफेसरांचे प्रयोग तेच मांडून ठेवत. आज काय मांडायचं ते कळायला हवं म्हणून पुस्तकं चाळू लागले. मग पोरं प्रोफेसरांना विचारण्याऐवजी ह्यांनाच विचारू लागली. खेड्यातल्या हायस्कूलला शास्त्राचा पदवीधर मिळेना, तेव्हा तिथल्या हेडमास्तरांनी सवलत काढून त्यांना घेतलं. ती सवलत ह्या जूनला संपत होती. पदवी नाही, ट्रेनिंग नाही, वर्गाबाहेर व्हा, असा कागद आला होता.

"हेडमास्तर म्हणाले, पुस्तकावर नाव आलं की मी वरती लिहितो. पाठ्यपुस्तकाचा लेखक हाय म्हटल्यावर काढणार न्हाईत." मग थांबून म्हणाले, "खोटं लिहू नका. पण तुम्ही लिहिणारे. खरंच लिहून जरा बरं दिसंल असं काही जमतंय का बघा."

"लाटकरांना माहीत आहे?"

"त्यांनी विचारलं न्हाई. मी बी सांगितलं न्हाई."

मी तिथेच बसून पक्का कागद लिहिला. ‘श्री. ई. धों. सुतार. प्रयोगशाळेतील कामाचा व शास्त्र अध्यापनाचा एकूण एकोणीस वर्षांचा अनुभव. शालेय उपकरणे स्थानिक साहित्यातून तयार करण्यात विशेष गती.’ खोटं एक अक्षर नव्हतं. त्यांनी तो ओठ हलवत वाचला, दोनदा. नंतर हात धोतराला पुसले, कारण शाई ओली होती आणि त्यांना कागद धरायचा होता.

"एवढा मोठा दिसतोय का हो मी?" ते म्हणाले.

त्यांचा मूळ कागद मी परत द्यायला हवा होता. दिला नाही, त्यात काही मतलब नव्हता. मी कुठलाच कागद टाकत नाही; अजूनही टाकत नाही. कच्चा आणि पक्का, दोन्ही कागद मी निळ्या फायलीत ठेवले. पक्का वर आणि कच्चा त्याच्या खाली.

पुढचे चार दिवस सुतारमास्तर मेणबत्त्या लावत होते. खिडकीजवळच्या टेबलावर ताटली, बरणी आणि काड्यापेटी. मोठी बरणी, छोटी बरणी, उंच पेला, लोणच्याचा काचेचा सट. चिटणीसबाई जाता-येता म्हणायच्या, "मास्तर, नवस कुणाला बोललात ते तरी सांगा." लाटकर रोज चारला भडंगाचा पुडा आणि चहा घेऊन येत. मेणबत्त्यांची थोटकं बघून त्यांनी हात जोडले. म्हणाले, अहो, हवेचं काय व्हायचं ते होऊ द्या, माझं पुस्तक विझवू नका. सगळे हसले. मास्तरही हसले आणि पुन्हा काडी ओढली.

मी तिकडे फिरकलो नाही. प्रयोगशाळा माझ्याच शाळेची, किल्ली माझ्याच खिशात. प्रयोगाला पाच मिनिटं लागतात. सगळे जेवायला गेल्यावर करून बघता आला असता. एकदा मी बरणी हातात घेतलीसुद्धा. पण समजा, पाणी चढलं नाही, तर? न करता लिहिलेला ‘कृ.’ तेव्हा निदान नुसता न केलेला होता. करून खोटा ठरला असता तर डॉक्टरांपुढे जाऊन तो खोडायला लागला असता. मी बरणी जागेवर ठेवली.

आणि मनात मास्तरांचा राग यायला लागला. माझ्याच प्रकरणावर हा माणूस का बसलाय, असं वाटू लागलं. मला पकडायचंय ह्याला, असं वाटू लागलं.

शनिवारी, पंचवीस तारखेला, शेवटची बैठक होती. डॉक्टर एकेक प्रकरण उलटत समासातल्या खुणा मोजत होते. त्यांचा चष्मा नाकावर, लाल पेन्सिल कानाजवळ. माझं प्रकरण आलं. अकराव्या प्रयोगापाशी ते थांबले.

"इथे एकच ‘कृ.’ आहे. सुतार, हा राहिला का तुमचा?"

मास्तर उभे राहिले. शाळेतल्या मुलासारखे दोन्ही हात बाजूला. म्हणाले, राहिला नाही, पण जमत नाही. सगळ्यांसमोर करून दाखवू का?

त्यांनी करून दाखवला. एक मेणबत्ती, वर बरणी. बरणी घालताच कडेने चार-दोन बुडबुडे बाहेर आले. ज्योत लहान झाली, विझली. आणि विझल्यावर, जरा वेळाने, पाणी झपकन वर आलं आणि थांबलं. त्यांनी काचेवर दोरा बांधून खूण केली. मग त्याच बरणीखाली दोन मेणबत्त्या लावल्या. पाणी दोऱ्याच्या बरंच वर गेलं. तीन लावल्या. आणखी वर.

"बरणी तीच," मास्तर म्हणाले. "हवा तेवढीच. मेणबत्त्या वाढवल्या म्हणून प्राणवायू कसा वाढंल, मला कळंना. आणि पाणी चढायचं तर ज्योत जळताना हळूहळू चढायला पाहिजे ना, सर? ते विझल्यावर चढतंय. मला वाटतंय, ज्योतीनं हवा फुगती, ती बुडबुड्यांतनं बाहेर जाती. मग गार झाली की आकसती, आणि पाणी वर ओढलं जातंय. पण हे कुठल्या पुस्तकात न्हाई. म्हणून म्हटलं, माझंच काय तरी चुकत असणार."

चिटणीसबाई पुढे वाकून दोऱ्याकडे बघत होत्या. मला त्या क्षणी जे वाटलं ते असं: हे बरोबर आहे. बुडबुडे मला दिसले होते. दोरा दिसत होता. सहा वर्षं शास्त्र शिकून मी कधी न विचारलेली गोष्ट हा माणूस लोणच्याचा सट घेऊन विचारत होता.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले नव्हते. ते कधीच रागवत नसत. त्यांच्यापुढे प्रश्न साधा होता: एकाला हा प्रयोग आला, दुसऱ्याला येत नाही. ज्याला आला त्याला विचारायचं.

"मोघे, तुम्ही केलाय. तुमचं पाणी किती चढलं?"

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. "सर, मी केलेला नाही." एवढे चारच शब्द होते. मी ते मनात जुळवलेसुद्धा. मग मला त्यांचं पत्र आठवलं, खिशात मळलेलं. प्रस्तावनेचं पहिलं वाक्य आठवलं.

"एक पंचमांश, सर."

"मोजून?"

"मोजून. किंचित कमी. पण जवळजवळ एक पंचमांश."

‘किंचित कमी’ हे शब्द कुठून आले, मला माहीत नाही. खऱ्या मोजमापात थोडी तूट असते, हे मला पुस्तकांवरून ठाऊक होतं. खोटं किती बारकाईने बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि बोलणारा मी होतो.

सुतारमास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "सर, तुमची बरणी—"

"थांबा, सुतार," डॉक्टर म्हणाले. "तुमची शंका हुशारीची आहे. पण हा प्रयोग शंभर वर्षं पुस्तकांत आहे. तो काढायचा तर काढणाऱ्याचा अधिकार तसा हवा. तुमचं शिक्षण कुठे झालं?"

मास्तरांची नजर माझ्या फायलीकडे गेली. डॉक्टरांनी माझ्याकडे हात केला. "मोघे, परिचयाची पानं तुमच्याकडे आहेत ना? सुतारांचं द्या बरं."

फाईल माझ्या मांडीवर होती. मी ती उघडली. वर पक्का कागद होता, माझ्या अक्षरातला. त्याच्या खाली कच्चा. मी एक कागद उचलून डॉक्टरांच्या हातात दिला.

कच्चा दिला.

हात चुकला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. बोटं घामाने ओली होती, दोन्ही कागद चिकटले होते, वगैरे. पण खालचा कागद उचलायचा तर वरचा बाजूला सारावा लागतो. वरचा कागद मी अंगठ्याने बाजूला सारला होता. तो अंगठा मला आठवतो.

डॉक्टरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला, मी मोरीपाशी वाचला होता तसाच. उलटून पाहिला. मग लाटकरांकडे सरकवला. लाटकरांच्या हातात भडंगाची मूठ होती, ती तशीच राहिली.

"हमाल?" ते म्हणाले. एवढंच.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाकडे पाहिलं, आपल्याच अक्षराकडे.

डॉक्टर हळू आवाजात बोलले. यात अपमान नाही, म्हणाले. ह्या परिस्थितीतून इथवर आलात, याचा मला आदरच आहे. पण समितीपुढे हे पान गेलं तर पुस्तक उघडलंसुद्धा जाणार नाही. चार माणसांच्या कष्टांवर पाणी पडेल. तेव्हा नाव राहू देता येणार नाही. मेणबत्तीचा प्रयोग राहील, दुसरा ‘कृ.’ ते स्वतः लिहितील.

"आणि त्यांची प्रकरणं?" चिटणीसबाईंनी विचारलं. "साधी यंत्रे मी माझ्या मुलींना वाचून दाखवलंय. तरफ पहिल्यांदा कळली त्यांना. मलासुद्धा."

"प्रकरणं राहतील, बाई. चांगली आहेत."

"कुणाच्या नावावर?"

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "मोघ्यांच्या घालू. त्यांच्याकडे भौतिक विषयच आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी फाईलची नाडी बांधत होतो. ती सुटत होती आणि मी पुन्हा बांधत होतो. कुणीतरी मला डोक्यात मारावं तसा मी बधिर झालो होतो. आणि तरी नाडीची गाठ नीट यावी, हे मला कळत होतं.

मास्तरांनी ‘बरं’ म्हटलं. मग खिडकीजवळच्या टेबलाशी गेले, थोटकं गोळा केली, दोरा सोडला. बरणी मोरीवर नेऊन धुतली, फडक्याने आतून-बाहेरून पुसली, उजेडात धरून बघितली आणि कपाटात तिच्या जागी उपडी ठेवली. अकरा वर्षांची सवय. पिशवी उचलून डॉक्टरांना नमस्कार केला, बाईंना केला, लाटकरांना केला. माझ्यापाशी आले तेव्हा थबकले. त्यांना काही विचारायचं होतं. मी मान खाली घातली. ते गेले.

पुस्तक मंजूर झालं. नऊ आवृत्त्या निघाल्या. शेवटच्या पानावर ‘श्री. वि. ग. मोघे, एम.एस्सी.’ आणि त्याखाली ‘हवा, पाणी, उष्णता, साधी यंत्रे’. शिक्षकांची पत्रं यायची: चिखलातल्या चाकाचं उदाहरण फार छान घेतलंत, खेड्याशी चांगलाच संबंध दिसतो. एका पत्रातही मेणबत्तीविषयी कुणी काही विचारलं नाही. कुणी करूनच पाहिला नसावा, किंवा करून पाहिला आणि आपलंच चुकलं असं समजून सोडून दिलं. गेल्या महिन्यात शाळेच्या स्मरणिकेसाठी माझा परिचय मागितला, सहा ओळींत. ‘ज्येष्ठ पाठ्यपुस्तक लेखक’ एवढं लिहून मी थांबलोय.

पण सांगायचं ते हे नव्हे.

त्याच वर्षी, पुस्तक छापून आल्यावर, सप्टेंबरात शाळेच्या पत्त्यावर मला एक जोडकार्ड आलं. जोडकार्ड म्हणजे दोन पोस्टकार्डं एकत्र जोडलेली. एकावर मजकूर, दुसरं कोरं, उत्तरासाठी. ठळक, सुटं सुटं अक्षर मी लगेच ओळखलं. स्टाफरूममध्ये वाचायची हिंमत झाली नाही. रिकाम्या प्रयोगशाळेत गेलो, दार लावून घेतलं. चार महिने मी मनात ह्या माणसाची बोलणी तयार करून ठेवली होती: तुम्ही शब्द मोडलात, माझी नोकरी घालवलीत, माझी प्रकरणं घेतलीत. त्यावर माझी उत्तरंही तयार होती.

कार्डावर असं लिहिलं होतं:

‘मोघे सरांस सप्रेम नमस्कार. सध्या शाळेत नाही, घरचा सुतारकामाचा धंदा बघतो. त्यामुळे वेळ मिळतो. मेणबत्तीचा प्रयोग त्यानंतर एकेचाळीस वेळा केला. माझे पाणी कधी एक पंचमांशाला थांबत नाही, मेणबत्ती बदलली की बदलते. परंतु आपले मोजून एक पंचमांश आले, त्या अर्थी माझ्या हातून काहीतरी राहत आहे. त्या दिवशी आपणास विचारायचे राहिले. आपल्या बरणीची उंची, तोंडाची रुंदी, मेणबत्ती किती बोटांची, व ताटलीत पाणी किती, एवढे कळवावे. मी त्याच मापाची बरणी मिळवतो. समजल्याशिवाय चैन पडत नाही. उत्तरासाठी कार्ड जोडले आहे. आपला, ईश्वर सुतार.’

मी खाली बसलो. स्टुलावर नव्हे, जमिनीवर.

हा माणूस मला पकडायला बसलेला नव्हता. पहिल्या दिवशी नाही, शनिवारी नाही, आताही नाही. पहिल्या दिवशी त्याने जे विचारलं होतं तेच त्याला विचारायचं होतं: माझं कुठं चुकतंय. समासात ‘कृ.’ लिहिलेलं आहे म्हणजे ते केलेलं आहे. न करता कुणी तो लिहील, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. नोकरी गेली, नाव गेलं, आणि तो एकेचाळीस वेळा आपल्याच हातावर संशय घेत होता, कारण मी म्हटलं होतं, मोजून.

मग मी उठलो. कपाटातून तीच बरणी काढली. ताटली, पाणी, मेणबत्ती. काडी तीनदा विझली. बरणी उपडी घातली. बुडबुडे आले. ज्योत विझली. पाणी वर आलं आणि थांबलं. फूटपट्टी लावली: पाचवा हिस्सा नव्हता, त्याच्या जवळपासही नव्हता. दोन मेणबत्त्या लावल्या. पाणी आणखी वर गेलं.

बाकावर कार्ड पसरून उत्तर लिहायला बसलो. त्यांनी आपला पत्ता आधीच लिहून ठेवला होता, मला त्रास नको म्हणून.

‘स. न. वि. वि. माझ्या बरणीची मापं’ एवढं लिहिलं.

ते कार्ड माझ्याकडे आहे. एका बाजूला त्यांचा पत्ता आहे, दुसऱ्या बाजूला माझी ही अर्धी ओळ. त्याच्या पुढे काही लिहिलेलं नाही. ती बरणीही, शाळेने जुनं सामान काढलं तेव्हा, मी मागून घरी आणली. मापं मला पाठ आहेत. उंची नऊ इंच, तोंड साडेतीन.